जमिनीचे कागद शोधण्याची विद्या

जमिनीचा वाद उपस्थित झाला म्हणजे आपले बहुतेक शेतकरी बंधु सातबाराचा उतारा घेऊन वकिलाकडे धांवतात. परंतु हा उतारा केवळ आजची स्थिति सांगतो. ती स्थिति कशी आली हें सांगणारे कागद निराळे असतात. ते शोधतां येणें ही नांगर धरण्याइतकीच उपयुक्त विद्या होय.

ह्या शोधाची किल्ली उताऱ्यावरच असते. गांव नमुना ७ मध्यें खातेदारांच्या नांवांजवळ व इतर हक्कांच्या सदरांत जे आंकडे दिसतात, ते फेरफारांचे क्रमांक होत. तो क्रमांक घेऊन गांव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहावी. नोंद खरेदीची आहे, वारसाची आहे, वांटणीची आहे कीं बोज्याची, हें तेथें कळतें. असें एकेक नोंद धरून मागें जावें.

मागें जातांना एके ठिकाणीं वाट तुटते. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यान्वयें ज्या गांवीं एकत्रीकरण योजना झाली, तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यापूर्वीचे कागद गट नंबरानें सांपडत नाहींत. म्हणून प्रथम भूमि अभिलेख कार्यालयांतून योजनेचा उतारा घ्यावा, त्यावरून जुना सर्व्हे व हिस्सा नंबर काढावा, आणि मग त्या नंबराचे कागद तहसील कचेरींत मागावे.

हें न केल्यास हानि मोठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५७ प्रमाणें हक्काची नोंद चुकीची ठरेपर्यंत ती खरीच मानली जाते. वडिलांच्या पश्चात् बहिणीचें नांव गळालें असो, कीं फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला असो, पुरावा आपणांसच द्यावा लागतो. नव्या फेरफाराची नोटीस आल्यावर हरकतीस मुदतही १५ दिवसांचीच असते.

आज सातबारा, आठ-अ व फेरफार सरकारी संकेतस्थळांवर घरबसल्या दिसतात, हें खरें. तथापि यंत्र जें मागावें तेंच देतें. काय मागावें हें माणसासच ठाऊक असावें लागतें. तरी प्रत्येक खातेदारानें एक वही ठेवावी व तींत जुना नंबर, गट नंबर, फेरफार क्रमांक, तारीख आणि कारण हे पांच रकाने आंखावे. मुलांच्या हातीं जमीन देतांना ही वहीही द्यावी. पुढील पिढीस कचेरीच्या पायऱ्या कमी झिजवाव्या लागतील.