पहिले वृत्तनिवेदक : डॉ. विश्वास मेहेंदळे

१९७२ साली आपल्या नगर जिल्ह्यातील माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. या केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. छापलेली बातमी पुन्हा वाचता येते, ऐकलेली निसटते. म्हणून निवेदकाला ती आधी स्वतः समजून घ्यावी लागते. पुढे मेहेंदळे सिम्बायोसिसच्या जनसंवाद संस्थेचे संस्थापक संचालक झाले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बोलीची लाज बाळगू नका. रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचा. दुष्काळाची बातमी कधीतरी खडी फोडणाऱ्यांच्या नातवंडांनीही सांगितली पाहिजे.