उपचार संपल्यानंतरचे घर
छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घकालीन मनोविकारात भास आणि संशय ही ठळक लक्षणे औषधांनी पुष्कळदा आटोक्यात येतात. परंतु उमेद ओसरणे, भावना कोरड्या पडणे, माणसांत न मिसळणे ही लक्षणे, ज्यांना मानसोपचारशास्त्रात ‘नकारात्मक’ म्हटले जाते, ती औषधांना फारशी दाद देत नाहीत आणि म्हणूनच अशा रुग्णाला घरचे लोक आळशी समजू लागतात. त्यातून पुढे कित्येकांना मनोरुग्णालयातून न्यायला कुणी येतच नाही. ठरलेल्या वेळी उठणे, पुढे येईल ते जेवणे, मिळतील ते कपडे घालणे अशा दिनक्रमात वर्षे गेली की माणसाची स्वतः निवड करण्याची सवय मोडते. या अवस्थेला संस्थाग्रस्तता म्हणतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील कलम 19 नुसार केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. मग त्यांनी राहायचे कुठे? वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी 1993 मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या ‘द बॅन्यन’ या संस्थेने 2015 पासून ‘होम अगेन’ या उपक्रमातून याचे एक उत्तर दिले आहे: साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचे, तिथे चारपाच जणांनी एकत्र संसार मांडायचा आणि सोबतीला प्रशिक्षित सहायक ठेवायचा.

या व्यवस्थेचा सगळा भार त्या सहायकावर असतो. औषधे वेळेवर दिली जातात की नाही हे पाहणे हा त्याच्या कामाचा सोपा भाग. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, त्यावर लक्ष ठेवणे, झोप उडू लागली तर आजार उलटण्याची ती खूण असू शकते हे ओळखणे, हे त्याहून अवघड असते. सर्वांत अवघड म्हणजे हात आवरणे, कारण भाजी चटकन स्वतः चिरून टाकण्याऐवजी कोणती भाजी आणायची हे विचारून उत्तरासाठी पाच मिनिटे थांबणे हेच येथे पुनर्वसन असते, आणि मोडलेली सवय अशा थांबण्यातूनच परतते. एवढ्या कसबाच्या या कामाकडे निव्वळ राखण म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. ते करणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण, पुरेसे वेतन आणि हक्काची रजा मिळायलाच हवी.