तीन पायऱ्या

आमच्या भोरकडे आणि पलीकडे वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, मे महिना लागला की घरं शाकारायची घाई सुरू होते. अशाच एका मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा कौलं बसवताना छपरावरून खाली आले, ते पाठीवरच. मणक्यातला मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालचं शरीर गेलं. लोकांनी घाबरून हातापायांना धरून त्यांना उचललं आणि जीपमध्ये कोंबलं. कुणाचीच नियत वाईट नव्हती, पण असं कधी करू नये. मान आणि पाठ न हलवता जागेवर ठेवावं, 108 ला फोन लावावा. हलवणं भागच असेल तर फळीवर सरळ ठेवून चौघांनी एकदम उचलावं.

त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, आठवीत. आठवड्यातून तीन दिवस गैरहजर. शेवटी मीच घरी गेले. अम्मी भाजी विकायला बसायची आणि अब्बांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं काम या पोरीकडे होतं. तिच्या उशाशी गजराचं घड्याळ होतं. मणक्याच्या रुग्णाला त्वचेची जाणीव नसते. एकाच जागी दाब पडून जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि त्याला कळतही नाही. खुर्चीत बसला तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं. हे चाचांना स्वतःला जमू शकत होतं. पण दोन वर्षांत त्यांनी खाट सोडली नव्हती. मुलीची शाळा सुटत चालली होती ती यामुळे.

मी त्यांना कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याबद्दल सांगितलं. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे पाय गेले. पुढे, स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि असंही जगता येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग सरकारी नोकरी केली. 1984 मध्ये साथीदारांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, मुलांसाठी ‘घरौंदा’ वसतिगृह आणि ‘समर्थ विद्यामंदिर’ काढलं. कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावच्या ‘स्वप्ननगरी’त दिव्यांग लोक काजूवर प्रक्रिया करून कमावतात. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी चाचांना नेऊन दिलं. पुस्तक त्यांनी आठ दिवस उघडलं नाही. मुलीनेच रात्री मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा ऐकू लागले. नुसता धीर देणारे त्यांना खूप भेटले होते. आपल्यासारखाच माणूस कुणी दाखवला नव्हता.

खुर्ची मिळाली, पण चाचा दारापर्यंतच यायचे. खरी अडचण त्यांनी चाचींना सांगितली आणि चाचींनी मला. लघवीची पिशवी लावलेली, मग मशिदीत कसं जायचं? नापाक म्हणून लोक दूर सरकले तर? याचं उत्तर दीनमध्ये केव्हाचं आहे. ज्याची लघवी थांबत नाही तो माजूर. त्याने प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुजू करावा आणि नमाज पढावी. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही नसेल तर पडून. आमच्या मौलानांनी घरी येऊन हे समजावलं. ही गोष्ट आपल्या घराघरात माहीत हवी, कारण कित्येक आजारी बुजुर्ग याच संकोचाने घरात बसून राहतात.

मग राहिल्या मशिदीच्या तीन पायऱ्या. बैठकीत मी नव्हते, मिस्टरांनी घरी येऊन सांगितलं. तरुण म्हणाले, आम्ही उचलून नेऊ. चाचांनी निरोप पाठवला की मला उचलायचं असेल तर एकदाच, जनाज्याच्या वेळी उचला. बैठक गप्प झाली. दुसरा मुद्दा चाकांच्या घाणीचा निघाला. त्यावर एक बुजुर्ग म्हणाले, दारात बादली नि फडकं ठेवू, आपणही पाय धुऊनच येतो ना?

उतार किती लांब हवा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नियम 1 ला 12 चा आहे. तीन पायऱ्या मिळून उंची 18 इंच, म्हणजे उतार 18 फूट. अंगण त्याच्या निम्म्याएवढंच. हिशेब शेवटी चाचांनीच केला. आयुष्य गवंडीकामात गेलेलं. मध्ये सपाट जागा सोडून उतार वळवला. गेटपाशी खुर्ची लावून ते दोन दिवस मजुरांवर ओरडत होते. वळणावर पाणी साचतंय म्हणून तयार काम पुन्हा फोडायला लावलं. आमच्याकडचा पाऊस बघता ते बरोबरच होतं! आता इतर गवंडीही कौलांचा आणि सिमेंटचा हिशेब त्यांना फोनवर विचारतात आणि त्याचे पैसे देतात.

मुलगी नववीत गेली, हजेरी चांगली आहे. चाचांना आता पुण्याला तपासणीला स्वतः जायचंय. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण गाडीची पहिली पायरीच गुडघ्याएवढी उंच. स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी खर्च करावा लागतो. त्यातून सार्वजनिक शौचालयाला उतार आणि रुंद दार मिळावं, असा अर्ज आम्ही लिहिलाय. मराठी मसुदा माझा, मोजमापं चाचांची.