बिर्रारुंगच्या काठाने

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून वाहणारी नदी जगाला ‘यारा’ म्हणून ठाऊक असली, तरी हे नाव मुळात एका गैरसमजातून रूढ झाले आहे. १८३५ मध्ये जॉन हेल्डर वेज या भूमापकाबरोबर असलेल्या स्थानिक सोबत्यांनी नदी दिसताच ‘यारा यारा’ असे उद्गार काढले आणि वेज यांनी ते नदीचे नाव समजून टिपून घेतले. पुढे वेरिबी नदीवरील एका लहान धबधब्यालाही या सोबत्यांनी तोच शब्द वापरला, तेव्हा तो खडकावरून उतरणाऱ्या पाण्यासाठी आहे हे वेज यांच्या लक्षात आले, पण नदीला तेच नाव चिकटले. या काठाचे मूळ रहिवासी, म्हणजे कुलिन समूहातील वुरुंजेरी लोक, नदीला ‘बिर्रारुंग’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘धुक्याची नदी’ असा सांगितला जातो. २४२ किलोमीटर लांबीच्या या नदीच्या काही भागात काठाने आज पायवाट आहे. तिच्यावरून प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेल्यास मूलनिवासींचा वारसा, वसाहतीचा इतिहास आणि निसर्ग हे तीन वेगळे विषय नसून एकाच पाण्याची कथा आहे, हे पावलोपावली प्रत्ययास येते.

वाटेचा आरंभ क्वीन्स ब्रिजपाशी करणे सर्वांत सयुक्तिक. ज्या ‘यारा यारा’ने नदीला नाव दिले तो खडकाचा उंबरठा याच ठिकाणी आडवा पसरला होता, त्याच्या खाली समुद्राच्या भरतीचे खारे पाणी आणि वर पिण्याजोगे गोडे पाणी असे. कुलिन लोकांसाठी तो नदी ओलांडण्याचा उतार होता, तर गलबते तिथवर येऊ शकत आणि ताजे पाणीही मिळे, म्हणून वसाहतवाल्यांनी नेमकी हीच जागा शहरासाठी निवडली. नंतर पुराची आणि जहाजांच्या वाहतुकीची अडचण पुढे करून १८८३ मध्ये हा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. ज्या खडकामुळे शहर वसले, तोच शहराने नाहीसा केला.

थोडे पुढे २००२ मध्ये खुले झालेले ‘बिर्रारुंग मार’ हे उद्यान लागते. ‘मार’ म्हणजे काठ. तेथून रेल्वेमार्गावरून मेलबर्नच्या विख्यात क्रिकेट मैदानाकडे जाणाऱ्या पादचारी पुलाला विल्यम बराक यांचे नाव आहे. वुरुंजेरींचे हे नेते नदीच्या वरच्या खोऱ्यातील कोरांडर्क या मूलनिवासी वसाहतीची जमीन वाचवण्यासाठी शहरापर्यंत पायी येऊन सरकारदरबारी दाद मागत असत. मैदानालगतच्या यारा पार्कमध्ये तांबड्या गोंदाचा युकॅलिप्टस या जातीची जुनी झाडे असून त्यांतील काहींच्या खोडावर लांबट, अंडाकृती व्रण आहेत. होडी, ढाल किंवा भांडे बनवण्यासाठी सालीचा तेवढाच तुकडा सोलून घेतला जाई आणि झाड जिवंत ठेवले जाई. आतले करडे, कोरडे लाकूड आजही उघडे आहे आणि भोवतीची नवी साल जाड ओठांसारखी आत वळली आहे. कसोटी सामन्याला जाणारे हजारो प्रेक्षक या झाडांजवळून जातात, पण त्यांच्याकडे पाहणारे फार थोडे.

मेरी क्रीक हा ओढा नदीला मिळतो ते डाइट्स फॉल्स हे या वाटेवरचे सर्वांत अर्थपूर्ण स्थळ म्हणावे लागेल. महाराष्ट्राच्या ओळखीचा काळा बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा, येथे नदीच्या पात्राला कडेने भिडतो. ६ जून १८३५ रोजी जॉन बॅटमन यांनी वुरुंजेरी वडीलधाऱ्यांशी केलेला ‘करार’ याच ओढ्याच्या काठी कोठेतरी झाला असावा, असे अनेकांचे मत आहे. घोंगड्या, चाकू, कुऱ्हाडी, आरसे आणि पीठ यांच्या मोबदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन ‘विकत’ घेतल्याचा बॅटमन यांचा दावा होता; मात्र कुलिन परंपरेत पाहुण्यांना आपल्या भूमीत तात्पुरता वावर देण्याचा ‘तांडेरम’ नावाचा विधी असल्याने वडीलधाऱ्यांनी या व्यवहाराचा अर्थ तसाच लावला असावा, असे अभ्यासक मानतात. गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी त्याच वर्षी हा करार रद्दबातल ठरवला, पण मूलनिवासींच्या हक्कासाठी नव्हे, तर सारी जमीन ब्रिटिश राजसत्तेची आहे, या भूमिकेतून. करारात सहभागी मानले गेलेले कुळप्रमुख बिलिबेलरी १८४६ मध्ये वारले आणि त्यांचे दफन याच संगमाच्या परिसरात झाले. संगमाजवळ मूलनिवासी मुलांसाठी काढलेली शाळा १८५१ मध्ये बंद पडली. याच ठिकाणी पिठाच्या गिरणीसाठी नदीवर बंधाराही उभा राहिला होता.

बंधाऱ्याने केवळ पाणी अडले नाही. येथील आखूड पराचे वाम मासे अंडी घालण्यासाठी नदीतून समुद्रात उतरतात, हजारो किलोमीटर दूर कोरल समुद्राकडे जातात आणि त्यांची काचेसारखी पारदर्शक पिल्ले प्रवाहांबरोबर परत येऊन नद्यांमध्ये शिरतात. वुरुंजेरींच्या ऋतुचक्रात मार्च महिना ‘इयुक’, म्हणजे वामांचा ऋतू मानला जातो, कारण तेव्हा पुष्ट वाम समुद्राकडे निघतात. बंधाऱ्याने अनेक माशांची ही ये-जा अडवली होती. तो नव्याने बांधताना माशांना टप्प्याटप्प्याने चढता येईल अशी पाण्याची वाट त्याला जोडण्यात आली, हे या नदीबाबत अलीकडे घडलेले एक खरोखर चांगले काम होय. जवळच यारा बेंड येथे करड्या डोक्याच्या मोठ्या फलाहारी वटवाघळांची वसाहत असून संध्याकाळी ती मध आणि फळांच्या शोधात बाहेर पडून झाडांचे परागकण दूरवर नेतात.

आणखी वर बुलीन येथे बोलिन बोलिन हे नदीपासून तुटलेले वळण, म्हणजे बिलाबाँग, आहे. वामांच्या हंगामात येथे कुलिन कुळे मोठ्या संख्येने एकत्र जमत. २०१७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाने ‘विलिप-गिन बिर्रारुंग मुर्रॉन’, म्हणजे ‘बिर्रारुंगला जिवंत ठेवा’, हे नाव असलेला कायदा संमत करून नदीला एक अखंड, जिवंत नैसर्गिक अस्तित्व म्हणून मान्यता दिली आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या परिषदेत वुरुंजेरी सदस्यांना हक्काची जागा दिली. हा कायदा मोलाचा आहे, पण केवळ तेवढ्याने नदी पूर्ववत झालेली नाही. वरच्या धरणांमुळे पूर आटले, त्यामुळे बोलिन बोलिनला पूर्वी नदी आपण होऊन जे पाणी देत असे, ते अलीकडे पंपाने द्यावे लागले आहे.