पाच रुपयांचा पुडा आणि कंबरेचा घेर

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांची नावे आरोग्याच्या बातम्यांत येतात ती बहुतेक कुपोषणामुळे. डोंगराच्या कुशीतल्या कातकरी आणि ठाकर वाड्या, वीटभट्टीसाठी गाव सोडणारी कुटुंबे, अंगणवाडीच्या काट्यावर वजन न भरणारी मुले हे चित्र परिचयाचे आहे आणि खोटेही नाही. अशा भागात लठ्ठपणा रोखण्याच्या धोरणाची चर्चा म्हणजे शहरी चोचले, असे कुणालाही वाटेल. पण एप्रिल 2025 च्या पोषण पंधरवड्यात केंद्राने देशभरातल्या अंगणवाड्यांना जे चार विषय दिले, त्यांत कुपोषित बालकांचे गावपातळीवरील व्यवस्थापन होते आणि बालकांमधला लठ्ठपणाही होता. दोन्ही कामे एकाच सेविकेची, त्याच पंधरा दिवसांत.

राज्याचे आकडेही तेच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली होती. त्याच सर्वेक्षणात 23.4 टक्के स्त्रिया आणि 24.7 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. ही माणसे दोन वेगळ्या महाराष्ट्रांत राहत नाहीत. अनेकदा ती एकाच घरात असतात, आणि कधी कधी तर एकाच माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही टोके येतात.

हे कसे घडते, याचे उत्तर शोधण्याचे काम घाटाच्या वरच्या बाजूला, पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचे 3.5 किलो. इथली बाळे सगळ्याच बाबतीत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी, त्वचेखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. काट्यावर हलके, आतून चरबीचे बाळ. पुढे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर धरावी, असे इथले तज्ज्ञ सांगतात.

पोटात असताना उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे झपाट्याने वजन वाढवणारे खाणे मिळाले, तर मधुमेह लवकर गाठतो. याचा अर्थ असा की, लठ्ठपणाचा प्रश्न आधी श्रीमंतांचा आणि मग कधी तरी गरिबांचा, हा क्रमच चुकीचा आहे. सर्वांत कमी वजनाने जन्मलेल्यांना थोडासा वाढलेला घेरही महागात पडतो.

आणि ते खाणे आता वाडीपर्यंत पोहोचले आहे. कर्जत-खालापूरचा उतार नाचणी-वरीचा, खाचर भाताचे. कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेल्या भाताच्या जाती कोकणभर लावल्या जातात. पावसाळ्यात शेवळा, करटोली, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या घरात येत. आज जमिनी फार्महाऊसखाली गेल्या, नांगरामागचा माणूस त्याच जमिनीवर राखणदार झाला. खोपोलीचे कारखाने, द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल, मुंबईला जाणारी दोन तासांची लोकल यांनी जेवणाच्या वेळाही बदलल्या. रेशनवर पांढरा तांदूळ आणि गहू मिळतो. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यालाही जागा आहे; कर्नाटक आपल्या दक्षिण भागात रेशनवर नाचणी देते. इथे मात्र नाचणी बाजारातून आणावी लागते. दूध, भाजी, फळ रोज घेणे परवडत नाही; पाच रुपयांचा वेफर्सचा किंवा बिस्किटांचा पुडा परवडतो. वीटभट्टीवर जाणाऱ्या आईने मुलाच्या हातात तो दिला, तर तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. तो पुडा इतका स्वस्त आणि इतका जवळ कोणी केला, हे विचारणे जरा अवघड जाते.

गेल्या काही वर्षांतली धोरणे पाहिली, तर जबाबदारीचा मोठा वाटा माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकलेला दिसतो. फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायला सांगितले. समोसा-जिलेबी-वडापाववर इशारे येणार, अशी आवई त्यावरून उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. आवाहन वाईट नाही. पंतप्रधानांनी विषय काढला म्हणून तो घराघरात गेला. पण सप्टेंबरमध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा साखरेच्या फसफसत्या पेयांवर 40 टक्के कर ठेवला गेला, आणि बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम 18 वरून, फरसाण-भुजिया 12 वरून 5 टक्क्यांवर आले. सुकामेव्यावरचा करही तितकाच झाला. म्हणजे कर लावताना पोषणाचा विचार फक्त बाटलीपुरता झाला. अनेक कंपन्यांनी पाच रुपयांची किंमत तीच ठेवून पुड्यातले वजन वाढवले. एका हाताने तेल कमी करा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने तळलेला पुडा जाड करायचा, असे हे झाले.

करामुळे माणसे खाणे बदलत नाहीत, हा आक्षेप नेहमीचा. मेक्सिकोने जानेवारी 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या दोन वर्षांत अशा पेयांची खरेदी सरासरी साडेसात टक्क्यांनी घटली आणि सर्वांत जास्त घट गरीब घरांत झाली. केरळने 2016 मध्ये बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला होता, तो जीएसटी येताच वर्षभरात विरला. पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा छापण्याचे घोंगडेही भिजतच आहे. 2022 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ताऱ्यांचा मसुदा आणला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या, त्यालाही मुदतवाढ लागली. चिलीमध्ये काळे अष्टकोनी इशारे 2016 पासून आहेत आणि ज्या पदार्थावर इशारा, तो शाळेत विकता येत नाही.

आपल्याकडेही शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 मध्ये झाला. कर्जत किंवा खोपोलीतल्या कोणत्याही शाळेबाहेर उभे राहून हे अंतर पावलांनी मोजून पाहावे. टपरीवाल्याचे पोट त्याच पुड्यांवर आहे आणि त्याला पर्याय म्हणून काय विकायचे, हे कोणी सांगितलेले नाही. शाळेच्या आतली गोष्टही पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून हवे असल्यास लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळवले. वाडीवरच्या शाळेत लोकसहभाग कोणाचा?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करताना आशा कार्यकर्ती एक अर्ज भरते. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम यांच्याबरोबर कंबरेचा घेरही विचारला जातो: पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरपर्यंत ठीक, स्त्रियांसाठी 80. गुण चारच्या वर गेले की पुढे आरोग्य केंद्रात पाठवायचे. घरात कोणते धान्य येते, भाजी किती दिवसांनी येते, शाळेबाहेर काय मिळते, यासाठी त्या गुणांत जागा नाही.