‘अमर्याद’ इंटरनेटचे माप

गेल्या महिन्यात एके सकाळी वृत्तपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडले. घरगुती इंटरनेटची ती जाहिरात होती. ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग, अमर्याद डेटा’ ही अक्षरे ठळक टाइपात. ‘अमर्याद’ या शब्दावर एक नाजूक तारका आणि पत्रकाच्या तळाशी, चष्मा लावूनही जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत, तिचा खुलासा. दरमहा ३,३०० जीबी डेटा वापरून झाल्यावर वेग कमी करण्यात येईल आणि दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा आकारण्यात येईल, असा त्या खुलाशाचा मथितार्थ. ‘पर्यंत’ या शब्दावर मात्र तारका नव्हती. वास्तविक खरी गोम त्याच शब्दात आहे. पण आधी ‘अमर्याद’चा समाचार घेऊ.

३,३०० जीबी हा आकडा लहान नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दूरचित्रवाणीवर चांगल्या प्रतीचे चित्र पाहावयाचे तर तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागतो. या हिशेबाने एक संच महिनाभर अहोरात्र चालू ठेवला तरी ७२० तासांत २,२०० जीबीच्या पुढे मजल जाणार नाही. चार माणसांच्या नोकरदार कुटुंबाला ही मर्यादा सहसा जाचत नाही. मग ती ठेवलीच कशाला, आणि आली कोठून?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिलायन्स जिओने आपली घरगुती फायबर सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली, तेव्हा ६९९ रुपयांच्या योजनेत १०० एमबीपीएस वेग आणि दरमहा १०० जीबी डेटा देऊ केला होता. आरंभीच्या काळापुरता काही जादा डेटा होता, तो निराळा. येथे मापांतील एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. वेग ‘बिट’मध्ये मोजतात आणि साठा ‘बाइट’मध्ये, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएस वेगाने सेकंदाला साडेबारा एमबी घरात येतात. या वेगाने १०० जीबी संपावयास आठ हजार सेकंद पुरतात. सव्वादोन तासही नव्हेत! जाहिरातीतला वेग खरोखरच मिळाला, तर महिन्याचा शिधा एखाद्या नाटकाचा प्रयोग संपण्यापूर्वीच संपावयाचा. वेग आणि मर्यादा ही दोन्ही आश्वासने एकाच पत्रकात शेजारी शेजारी छापलेली होती; पण त्यांचा गुणाकार करून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली असेल.

वर्षभरानंतर, २०२० च्या सप्टेंबरात, त्याच ६९९ रुपयांत आणि त्याच वेगाला ही मर्यादा ३,३०० जीबी झाली. तेहतीस पट! एका वर्षात डेटा पोहोचविण्याचा खर्च तेहतिसाव्या हिश्श्यावर आला होता काय? खांब तेच, तारा त्याच, त्या ओढणारी माणसेही तीच. बदलले होते ते एवढेच की टाळेबंदीमुळे घरोघरी जोडण्यांची मागणी वाढली होती आणि प्रतिस्पर्धी कंपन्याही मैदानात उतरल्या होत्या. तात्पर्य, मर्यादेचा हा आकडा खर्चाच्या वहीतून आलेला नव्हता.

अर्थशास्त्राच्या वर्गात मूल्यभेद हा विषय शिकविताना प्रस्तुत लेखक झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंता-अर्थशास्त्रज्ञाचे एक निरीक्षण सांगत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालीत नसत. छपराला काही फार पैसे पडत होते असे नाही. दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्याचसाठी गरिबाला पावसात भिजविले जाई. ठरलेला डेटा संपताच १०० एमबीपीएसची जोडणी १ एमबीपीएसवर आणणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. तार तीच असते. फक्त छप्पर काढून घेतले जाते आणि वरच्या वर्गाचे तिकीट पुढे केले जाते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. काही थोडे ग्राहक अफाट डेटा ओढतात आणि त्यामुळे इतरांचा वेग मंदावतो, असे त्या सांगतात. यात तथ्य नाही असे नाही. परंतु डेटा म्हणजे माठातले पाणी नव्हे, की एकाने उपसले म्हणून दुसऱ्याला उरले नाही. मुंबईच्या लोकलगाडीची उपमा अधिक जवळची आहे. रेल्वेला जादा गाड्या लागतात त्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी. दुपारी दोनच्या रिकाम्या डब्यात एक प्रवासी वाढला तर रेल्वेचा खर्च वाढत नाही. इंटरनेटचे जाळेही रात्री आठ ते अकराच्या गर्दीला पुरेल अशा बेताने बांधावे लागते. पहाटे तीनला कोणी पन्नास जीबी उतरवून घेतले तर कोणाचे काय बिघडले? मासिक मर्यादा मात्र पहाटेचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी एकाच तागडीत घालते.

या बाबतीत जुन्या योजना अधिक शहाण्या होत्या असे म्हणावयास हरकत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्याचे दर्शन घडले ते पुढे महाविद्यालयात असताना सायबर कॅफेत. तासाचा दर चाळीस रुपये आणि निम्मा तास पान उघडण्याची वाट पाहण्यात. २००५ च्या सुमारास, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, घरी जोडणी घेतली. वेग २५६ केबीपीएस, महिन्याला १ जीबी, आणि त्यापुढे प्रत्येक एमबीला आकार. एका महिन्याचे बिल पाहून घरात चार दिवस अबोला होता. परंतु त्याच योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. गजर लावून दोन वाजता उठावे, संशोधनाचे लेख उतरवून घेण्यास लावावेत आणि पुन्हा झोपावे, असा क्रम कित्येक महिने चालला. झोपेचे खोबरे झाले हे खरे. पण ज्या वेळी खर्च नाही त्या वेळी आकार नाही, हे तत्त्व त्या योजनेत शाबूत होते.

आता ‘पर्यंत’कडे वळू. एका जोडणीची क्षमता एकाच घराला राखून ठेवलेली नसते. ती अनेक घरांत वाटलेली असते. यात गैर काही नाही, कारण सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने इंटरनेट वापरीत नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी हे प्रमाण एकास पन्नास, तर व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस असावे असे मार्गदर्शन केले होते. एकास पन्नास म्हणजे काय? पन्नास घरांनी एकाच वेळी जोर लावला तर १०० एमबीपीएसपैकी प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस. गंमत अशी की, सरकारी व्याख्येप्रमाणे ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यास आज नेमका तेवढाच वेग पुरतो. २००४ च्या धोरणात ही किमान पातळी २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. जाहिराती शंभर-तीनशेच्या भाषेत बोलतात, कायदा दोनच्या भाषेत. या दोहोंच्या मधला सारा प्रदेश ‘पर्यंत’ या शब्दाच्या मालकीचा आहे.

२००६ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत नोंदविलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग ग्राहकाला मिळावा, अशी अट होती. पण तो मोजावयाचा कोठून कोठवर? कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत. केंद्राच्या पलीकडे, जेथे सगळ्या गल्ल्यांचे पाणी एका नळात शिरते, तेथे काय घडते हे त्या मोजणीत येत नसे. २०२४ मध्ये या विनियमांच्या जागी नवे आले. तथापि दारावर येणाऱ्या पत्रकात रात्री नऊचा वेग अजूनही छापलेला नसतो.

याचा चटका आम्हा शिक्षकांना २०२० च्या जूनमध्ये बसला. माझ्या जोडणीचा वेग ५० एमबीपीएसपर्यंत होता, आणि तपासणीच्या पानावर तो जवळपास तितका दिसेही. तरीही वर्ग सुरू झाला की विद्यार्थी कळवीत, ‘सर, आवाज तुटतोय.’ तीन तक्रारींनंतर तंत्रज्ञ आला आणि त्याने शांतपणे सांगितले की हा वेग घरात येणाऱ्या डेटाचा; घरातून बाहेर जाणाऱ्याचा वेग ५ एमबीपीएस, आणि संध्याकाळी त्याहून कमी. शिकविणाऱ्याला बाहेर जाणारा वेगच हवा असतो, ही गोष्ट विक्रीच्या वेळी सांगावी असे कोणाला वाटले नव्हते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती मी त्या वर्षी चित्राविना, केवळ आवाजावर शिकविल्या.

किराणा दुकानातला तराजू सरकारी शिक्क्याशिवाय वापरता येत नाही. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहक ते मागू शकतो. पावशेर डाळीला जे संरक्षण आहे ते वर्षाला सहा-सात हजार रुपये घेणाऱ्या सेवेला नाही. अन्य देशांत हा प्रश्न सुटला असे नाही, पण त्याला हात तरी घातला गेला. ब्रिटनमध्ये पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगही ‘पर्यंत’ म्हणून छापता येत असे. मे २०१८ पासून रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहिरातीत देण्याचे बंधन आले. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांना खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर असते तशा धर्तीचे लेबल सक्तीचे झाले: मासिक दर, इतर आकार, नेहमी मिळणारा येण्याचा व जाण्याचा वेग, डेटाची मर्यादा. आपल्याकडे असे लेबल छापावयास कागदापलीकडे खर्च येणार नाही. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य ट्रायने कंपन्यांना दिलेले आहे आणि ते काढून घ्यावे असे माझे म्हणणे नाही. स्पर्धेने दर उतरतात हे वर पाहिलेच. पण ज्या वस्तूचे माप कळत नाही तिच्या दरांची तुलना ग्राहकाने करावी कशी?

शिवाय स्पर्धा म्हणावी तर ती मोठ्या शहरांतील रुंद रस्त्यांवर. तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत, खांबावरून एकाच केबलवाल्याची तार आलेली असते. गृहनिर्माण संस्थांतूनही एकाच कंपनीला आत येऊ देण्याचे प्रकार घडतात. दुसरी आली तर जिन्यातून तार ओढू देण्यास समिती राजी नसते. अशा ठिकाणी ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हा सल्ला निरर्थक ठरतो.

आणि ज्यांच्या दारापर्यंत तारच आलेली नाही त्यांचे काय? मार्च २०२४ अखेर देशात ब्रॉडबँडचे ग्राहक सुमारे ९२ कोटी होते; त्यांत तारेने जोडलेले सुमारे ४ कोटी. बाकीच्यांचे घरगुती इंटरनेट म्हणजे खिशातला मोबाइल. माझ्या वर्गातील बहुतेक मुले याच गटातली. त्यांचे माप रोजचे असते: दिवसाला दीड किंवा दोन जीबी. हा शिधा रात्री बाराला रद्द होतो. मंगळवारी न वापरलेला अर्धा जीबी बुधवारच्या परीक्षा-अर्जासाठी उरत नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी मोबाइलचे दर एकदमच वाढविले, तेव्हा दोन भावंडांनी एकच फोन रिचार्ज करावयाचा असे काही घरांत ठरले. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. ग्रामपंचायतीपासून विद्यार्थ्याच्या घरापर्यंतचे अंतर कधी अर्धा किलोमीटर असते, पण ते तुडवावयास मोबाइलचाच आधार घ्यावा लागतो.

पत्रकावरील क्रमांकावर मी दूरध्वनी केला. बोलणारा तरुण सौजन्यशील होता. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास राउटर मोफत, असे त्याने सांगितले. रात्री नऊ वाजता आमच्या गल्लीत किती वेग मिळेल, असे विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, शंभरपर्यंत.’ हेच लेखी द्याल का, असे विचारता त्याने वरिष्ठांशी बोलून कळवितो म्हणून सांगितले. त्याला आता तीन आठवडे होतील.