डायोड : विजेची एकेरी वाट

जुना चार्जर उघडला की तारेच्या दोन पायांचे एक काळे नळकांडे हमखास दिसते. त्यावर ‘१एन४००७’ असे छापलेले असते, तर एका टोकाला चंदेरी पट्टा. हे नळकांडे म्हणजेच डायोड; पट्ट्याचे टोक म्हणजे त्याचे कॅथोड, अर्थात ऋण टोक.

आत सिलिकॉनचे दोन भाग असतात. बोरॉन मिसळलेल्या ‘पी’ भागात इलेक्ट्रॉनची वानवा, फॉस्फरस मिसळलेल्या ‘एन’ भागात रेलचेल. सांध्यापाशी वीज वाहून नेणारे वाहक उरत नाहीत आणि अडसर तयार होतो. ‘पी’ला बॅटरीचे धन टोक जोडले, की सुमारे ०.७ व्होल्टपाशी प्रवाह झपाट्याने वाढतो, जर्मेनियमला ०.३ पुरतात. टोके उलटी जोडली तर अडसर रुंदावतो, गळती नाममात्र उरते. ‘४००७’ असा उलटा दाब १,००० व्होल्टपर्यंत सोसतो.

असे चार डायोड चौकटीत जोडले, की एसीचे (दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) होते.